आईची अनशापोटीची कॅप्सूल: चार वर्षं झाली, थांबवायची कशी?

कृष्णाकाठची_लेक

आई ६४ वर्षांची, कराडला एकटी असते. मी पुण्यात. तिची औषधं दर महिन्याला मीच ॲपवरून मागवते, खोकं थेट तिच्या दारात जातं. थायरॉइडची ७५ ची गोळी (गेल्या वर्षीपर्यंत ५० होती), कॅल्शियम, आणि पँटोप्राझोल ४० अधिक डॉम्पेरिडोन ३० असलेली कॅप्सूल. बीपी नाही, शुगर नाही.

या वेळी नेहमीच्या कंपनीचा माल नव्हता म्हणून ॲपवाल्यांनी दुसरीच स्ट्रिप पाठवली. आईचा फोन. "अगं, ही कॅप्सूल नाही, पिवळी गोळी आहे. ही कसली?" पाहिलं तर नुसतं पँटोप्राझोल, डॉम्पेरिडोन नाहीच. तक्रार केली, पैसे परत आले. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की मुळात आई ही कॅप्सूल घेते कशासाठी?

तिला विचारलं तर म्हणाली, "गॅसची आहे." तुला गॅस होतो? "घेते म्हणून होत नाही."

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा जुनी फाइल काढली. २०२१ मध्ये तिचा गुडघा सुजला होता. हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांचं वेदनाशामक दिलं होतं आणि त्याच चिठ्ठीत ही कॅप्सूल, तीही दहाच दिवस. गुडघा बरा झाला, वेदनाशामक संपलं, ही मात्र राहिली. रिफिल मीच लावून ठेवलंय, त्यामुळे कुणाला बोलणार?

दोन दिवस बंद करून पाहिली. तिसऱ्या रात्री छातीत इतकी जळजळ, की दोन वाजता उठून थंड दूध प्यायली. म्हणजे तिला खरंच गरज आहे का? आणि ती सकाळी सहाला या तिन्ही गोळ्या एकदम चहासोबत घेते. चालतं का?

ओवा_जिरे

कॅप्सूल फेका आणि रात्री धने-जिरे भिजत घाला, सकाळी ते पाणी प्यायचं. जेवणानंतर ओवा. माझी आजी ९१ वर्षं जगली, एक गोळी घेतली नाही.

लालरेघ

ओवा_जिरे, धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्यावं, पण "कॅप्सूल फेका" नको. का ते खाली येईलच.

मी फार्मासिस्ट आहे. नऊ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली, आता एका ऑनलाइन फार्मसीत चिठ्ठ्या तपासायला बसते. तुमच्या आईची गोष्ट मी आठवड्यातून कितीदा बघते, विचारू नका. चिठ्ठीच्या फोटोत तारखेवर बरोबर अंगठा असतो. कधी तारखेचा कोपराच कापलेला असतो. अशी चिठ्ठी मी परत पाठवते आणि मग शिव्या खाते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, तो जास्त महत्त्वाचा. थायरॉइडची गोळी मोठी मानी आहे, तिला पोटात एकटीला जागा लागते. कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीनेही ती कमी शोषली जाते. आणि पोटातलं आम्ल कमी केलं की ती नीट विरघळतही नाही, म्हणजे आम्ल कमी करणारी ही कॅप्सूलसुद्धा तिच्या आड येते. आईचा डोस ५० वरून ७५ झाला तो आजार वाढला म्हणून, की गोळी रक्तात पोचतच नव्हती म्हणून, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गोळ्यांच्या वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत करून घ्या. नाहीतर इतके दिवस अर्धवट पोचणारी ७५ पूर्ण पोचायला लागेल आणि धडधड, घाम, झोप उडणं असं काहीतरी सुरू होईल.

उठल्याबरोबर थायरॉइडची, साध्या पाण्यासोबत. मग अर्धा-पाऊण तास काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट आहे की सायट्रेट ते बघा. कार्बोनेटला शोषून घ्यायला आम्ल लागतं. एका गोळीने आम्ल घालवायचं आणि दुसरीसाठी तेच हवं, असा हा संसार.

आता जळजळ. पोटाच्या अस्तरात आम्ल तयार करणारे सूक्ष्म पंप असतात, पँटोप्राझोल त्यांना कायमचं टाळं लावतं. म्हणून औषध रक्तातून काही तासांत निघून गेलं तरी परिणाम दिवसभर टिकतो. पंप खाण्यामुळे जागे होतात, म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण टाळं लावून वर्षानुवर्षं ठेवलं की शरीर आम्ल बनवायची तयारी वाढवत राहतं. गोळी एकदम थांबली की ते सगळं एकदम उसळतं. २००९ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला होता. पोटाची काही तक्रार नसलेल्या १२० लोकांपैकी निम्म्यांना याच जातीचं औषध आठ आठवडे देऊन बंद केलं, तर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकरा असं काहीतरी झालं. नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे आईची तिसऱ्या रात्रीची जळजळ हा मूळ आजाराचा पुरावा असेलच असं नाही. बरीचशी गोळी सोडल्याची असू शकते. आणि नेमकं तेव्हाच माणूस म्हणतो, बघा, मला गोळी लागतेच!

म्हणून ही डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. ४० वरून २०, मग दिवसाआड, असं बहुतेक करतात. मधल्या दिवसांत उसळी आली तर पातळ अँटासिड, तेही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. एक सांभाळा, पँटोप्राझोलची गोळी मोडायची नाही. वरचं आवरण पोटातल्या आम्लापासून तिला वाचवायला असतं, ४० ची अर्धी करून २० होत नाही.

ॲपवाल्यांच्या त्या चुकीने तुमचं भलंच केलं म्हणायचं, कारण मला जास्त खटकतं ते डॉम्पेरिडोन. ते मळमळ-उलटीचं औषध. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे त्यावर मर्यादा घातली: १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा आठवड्याच्या वर नाही. साठीपुढच्यांना धोका जास्त. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या काही गोळ्यांसोबत आणखी जास्त. आपल्याकडे ते गॅसच्या कॅप्सूलमध्ये पाहुणा म्हणून येतं आणि मुक्कामच ठोकतं.

पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. चार वर्षं झालीत, तर ते तपासायला सांगतात का ते विचारा.

ज्यांना पोटात अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलाय, जे हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, ज्यांना वेदनाशामक रोज लागतं, त्यांनी हे वाचून काही बंद करायचं नाही. त्यांच्यासाठी हीच गोळी ढाल आहे. आईला काळी शौच, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं यातलं काही आहे का? असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

मस्कत_ते_मालवण

जळजळीवरून सांगतो. आमचे बाबा तीन रात्री "गॅस झालाय" म्हणून लिंबू-सोडा पीत होते. मी इकडे मस्कतला, फोनवर तेच ऐकतोय. चौथ्या दिवशी जिना चढताना घाम फुटला, डावा जबडा दुखायला लागला. शेजारच्या पोराने रिक्षात घालून नेलं, ईसीजी काढला, हार्ट अटॅक. वाचले. साठीच्या माणसाची नवीन जळजळ फोनवर ऐकून सोडून देऊ नका.

लालरेघ

शंभर टक्के. चालताना वाढणारी, बसल्यावर कमी होणारी, घाम आणि धाप घेऊन येणारी जळजळ पोटाची आहे असं गृहीतच धरायचं नाही.

ओवा_जिरे

मग तो पुडीतला फसफसणारा सोडा तरी चालतो का? आमच्या घरात डबाभर असतो.

लालरेघ

कधीमधी लग्नाच्या जेवणानंतर, ठीक. पण तो बऱ्याच अंशी खाण्याचा सोडाच, म्हणजे पोटात सोडियम. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी लांबच राहावं. तुमच्या घरात डबाभर लागतो, म्हणजे धने-जिरे पुरे पडत नाहीत वाटतं :)

कृष्णाकाठची_लेक

नऊ आठवड्यांनी परत आले. लालरेघ ताई, तुमचं सगळं वहीत उतरवून डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. ते आधी जरा त्रासले, मग २०२१ ची चिठ्ठी बघून हसले. मस्कतवाल्या दादांचं वाचून मीच हट्टाने ईसीजी काढायला लावला. व्यवस्थित आला.

डॉम्पेरिडोन त्याच दिवशी बंद. नुसती ४० दोन आठवडे, २० दोन आठवडे, मग दिवसाआड दोन आठवडे. शेवटच्या टप्प्यात चार-पाच रात्री जळजळ झाली. अँटासिड, साडेसातला जेवण आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा, यावर निभावलं. आता तीन आठवडे गोळी नाही. बी१२ मात्र कमी, १६८ निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. टीएसएच इतका खाली आला की थायरॉइडची गोळी परत ५० वर आणली.

आईची एकच तक्रार आहे, की उठल्या उठल्या चहा मिळत नाही. "गोळ्या कमी केल्यास आणि चहा लांबवलास, यात माझा फायदा काय?"

घरात जुन्या कॅप्सूलच्या दोन स्ट्रिप उरल्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या, मला दे, माझी हीच चालू आहे. आईने दिल्या नाहीत. उलट त्यांच्याकडे जाऊन चिठ्ठी किती सालची आहे ते बघून आली. २०१९.