नदीला पाणी भाड्यानं द्या म्हणे!

टेलची चारी:
काल पोर्टलँडकरांनी इथे लेख लिहिला की अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचे शेतकरी 'न वापरलेलं' पाणी नदीला भाड्यानं देतात, म्हणजे नदीतच राहू देतात, आपणही सुरू करावं. तेव्हापासून डोकं फिरलंय. साहेब, आमच्याकडे पाणी न वापरलेलं नसतं, न पोचलेलं असतं. दर हंगामात कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरतो. गेल्या रब्बीत दुसरं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कालव्याच्या टेलला, शेवटाला असलेल्या आमच्या चारीला आलं ते शेवटच्या रात्री. दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला गेलो. अर्धा गहू भिजला आणि पाणी तुटलं. वर हेडला, कालव्याच्या तोंडाशी, मात्र उसात गुडघाभर. आता माझं ते 'शिल्लक' पाणी भाड्यानं कोण देणार? आणि भाडं कोणाच्या खिशात?

पोर्टलँडकर:
भाऊ, चिडण्याआधी लेख पुरता वाचा. ओरेगॉनात सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. मग लोक गरज नसताना कुरणात सोडून द्यायचे. १९८७च्या कायद्यानं नदीत राहिलेलं पाणी हाही 'वापर' धरला. भाड्यानं दिलं की हक्क शाबूत, त्याची जुनी तारीखही शाबूत. तिथे ज्याची तारीख जुनी त्याला पाणी आधी. सिस्टर्स गावाजवळचा व्हायचस ओढा उन्हाळ्यात कोरडा पडायचा. मागच्या ऑगस्टात लेकीला घेऊन गेलो, घोटाभर पाण्यात तासभर खेळली. यात कोणाचं काय बिघडलं?

जुना पाटकरी:
व्हायचसचं सगळं श्रेय भाड्याला देऊ नका. तिथे उघड्या चाऱ्यांच्या जागी पाइप घातले, पाझरून जाणारं वाचलं आणि ते ओढ्यात ठेवलं. शिवाय मॅड्रसची गोष्ट सोयीनं गाळलीत. बेंडजवळ हौशी मंडळींच्या घोड्यांच्या कुरणाला जुना हक्क, आणि खाली मॅड्रस गावाला गाजराचं बी पिकवणारा, त्याचा हक्क १९१३चा म्हणून तो मागे. दुष्काळात त्याचीच रानं पड. हेड-टेल तिथेही आहेच की. नोकरीभर हेच पाहिलं, म्हणून विचारतो.

पोर्टलँडकर:
मॅड्रसचं मान्य. घोडेवाल्यांचा वकील मी नाही.

ऊसवाला, बिनलाजेचा:
'उसात गुडघाभर' वाचलं. सगळ्या चर्चा आमच्या बांधावर येऊनच का संपतात? २०२३च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा माझ्या चाळीत कांदा होता. तेव्हा नदीप्रेमी कुठे होते? उसाला निदान एफआरपी, सरकारनं ठरवलेला किमान दर, तरी आहे. कांद्याला हमी द्या, उद्या ऊस मोडतो.

टेलची चारी:
मोडाल हो! २०१९ला पण असंच म्हणाला होतात. कांदा माझाही सडला, म्हणून मी शेजाऱ्याचं पाणी नाही तोडलं.

ऊसवाला, बिनलाजेचा:
तोंड सांभाळून. पाणी मी तोडत नाही, गेट माझ्या ताब्यात नाही. आणि माझ्या अडीच एकराला ठिबक आहे.

टेलची चारी:
उरलेल्या सहा एकराला?

नायगावची सून:
तुम्हा दोघांचं झालं असेल तर बोलते. आमच्या नायगावला, पुरंदरात, विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटलं. भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाणी विकायचं नाही, ऊस बंद. सासरे सांगतात, उसावरून भावकीत बोलणं बंद झालं होतं. भाडं मागायच्या आधी हक्क कोणाचा ते तरी ठरवा.

पोर्टलँडकर:
ताई, महाराष्ट्राच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याचा हंगामापुरता हक्क हस्तांतरित करायची वाट आहे. मी म्हणतो, घेणाऱ्यांत नदीलाही बसवा.

जुना पाटकरी:
बसवा. पण आधी चारीवर मोजमाप बसवा. आमच्या मोजपट्टीवर शेवाळ होतं, आकडा अंदाजानं लिहायचो. लाज वाटते, पण खरं आहे. असल्या आकड्यावर नदी भाडं कशाचं भरणार?

टेलची चारी:
पाटकरी काका, म्हणजे माझ्या चारीचा आकडाही...?

जुना पाटकरी:
तुमची चारी माझ्याकडे नव्हती. असती तर वेगळं लिहिलं असतं असं म्हणत नाही.

ऊसवाला, बिनलाजेचा:
सहा नाही, साडेचार एकर. दिवाळीनंतर ठिबक टाकतोय.

टेलची चारी:
कोणत्या दिवाळीनंतर?