पिढीजात मेणबत्ती व्यवसाय : नागपूरकरांचे अनुभव

ज्यांच्या घरी मेणबत्तीचा धंदा दोन-तीन पिढ्या चालला, मग तो आज चालू असो वा बंद, अशा नागपूर आणि कामठीकडील मंडळींसाठी हा अनुभव धागा आहे. व्यवसाय एका पिढीकडून दुसरीकडे जाताना काय टिकले, कशावरून वाद झाले आणि गिऱ्हाईक कसे बदलले, हे कृपया तपशिलाने लिहावे. नुसत्या आठवणींपेक्षा मेण, सूत, साचे आणि उधारी यांविषयी वाचायला अधिक आवडेल.

इतवारीतून, तिसरी पिढी

आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही मिल अर्ध्या नागपूरचे पोट भरत असे, पण आजोबांचे कुटुंब मोठे असल्यामुळे पाळी सुटल्यावर ते घरी मेणबत्त्या ओतू लागले. ॲल्युमिनियमचे दोन पाखांचे साचे, त्यांना आतून तेलाचा हात, मग सूत ताणून गुंडाळणे, साचा आवळून पाण्याच्या टाकीत ठेवणे आणि वरून मेण ओतणे, ही पद्धत आजही आमच्याकडे तीच आहे. मेण थंड होताना आकसते आणि मध्ये खळगा पडतो, म्हणून दुसऱ्यांदा थोडे मेण ओतावे लागते. ही दुसरी ओत चुकवून वेळ वाचवणारा कारागीर आजोबा ठेवत नसत.

वडिलांच्या काळात खरा प्रश्न नागपूरच्या उन्हाचा होता. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे तापमान गेले की टिनाच्या छपराखालचे गोदाम त्याहूनही तापते आणि हलक्या मेणाच्या मेणबत्त्या खोक्यातच वाकून एकमेकींना चिकटतात. त्यामुळे होळीनंतर वडील ५८ ते ६० अंशांना वितळणारे शुद्ध पॅराफिनच घेत आणि शंभर किलोमागे पाच ते दहा किलो स्टिअरिक ॲसिड मिसळत. त्याने मेणबत्ती कडक व पांढरी होते आणि साच्यातून सहज सुटते. महाग पडते म्हणून काकाजी कायम कुरकुर करीत. परंतु दुकानदाराने वाकलेला माल परत पाठवला की ती कुरकुर महिनाभर थांबत असे.

सर्वाधिक विक्री भारनियमनाच्या वर्षांत झाली. कोराडीचे वीज केंद्र शहराच्या वेशीवर आणि घरोघरी अंधार, हा विनोद आम्हीच अधिक करायचो, कारण त्या अंधारावर आमचे घर चालत होते. पुढे इन्व्हर्टर आणि चार्जिंगचे दिवे आले आणि किराणा दुकानांची मागणी ओसरली. मेणबत्ती हे लघुउद्योगांसाठी राखीव उत्पादन होते, ते आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठले. पण आमच्या अनुभवात तोवर इन्व्हर्टरने आपले काम केलेच होते.

दीक्षाभूमीच्या वाटेवरून, घरातील सून

वरचे वाचून वाटले की हे आमच्याकडूनही लिहिले जायला हवे. विजेच्या दिव्याने मेणबत्तीचा धंदा संपवला असे सर्रास म्हटले जाते, ते आमच्या घराला लागू पडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून वंदनेच्या वेळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती व अगरबत्ती लावणारी लाखो घरे आहेत, आणि घरात वीज आली म्हणून ती मेणबत्ती कोणी बंद केली नाही. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, सांगायचे की आपले गिऱ्हाईक उजेड विकत घेत नाही.

आमचे वर्ष अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर, १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा यांभोवती बांधलेले आहे. यांपैकी दोन दिवस ऐन उन्हाळ्यात येतात, त्यामुळे इतवारीकरांचे स्टिअरिकचे गणित आम्हालाही पाठ आहे. दसऱ्याला बाहेरगावाहून येणारी माणसे एका वेळी एक-दोन मेणबत्त्या लावतात आणि एक पुडा गावी नेतात. त्यांना बारीक, स्वस्त, पण वाऱ्यात तग धरणारी मेणबत्ती लागते. वाऱ्यात टिकण्याचे सारे रहस्य वातीत असते. साध्या पिळाच्या सुताला टोकाशी काजळी धरते आणि ज्योत धूर ओकू लागते. वेणीसारखी विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते. मामाजींनी पिळाचे सूत सोडून विणलेली वात घेतली, तेव्हा सासूबाईंनी खर्च पाहून दोन दिवस अबोला धरला होता, असे घरात अजून सांगतात.

मोहननगरातून

आमचा माल मुख्यतः चर्चसाठी असतो. नाताळपेक्षाही आमची धावपळ २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी असते, कारण त्या दिवशी लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्या उघड्यावर जळणार असल्याने जाडच लागतात. दिवाळी त्याच सुमारास येते, त्यामुळे मेणाचा भाव नेमका तेव्हाच चढलेला असतो. याहून वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

हिंगणा रोडवरून, चौथी पिढी

मी सोयामेणाच्या सुगंधी मेणबत्त्या काचेच्या भांड्यात करते आणि बाबांशी माझे पटत नाही, हे आधीच सांगते. सोयामेण पॅराफिनपेक्षा बरेच मऊ असल्यामुळे ते साच्यातून काढण्याऐवजी भांड्यातच ठेवतात, हे त्यांना मेणबत्तीला घातलेली कुबडी वाटते. त्यांच्या एका खोक्याची किंमत माझ्या एका मेणबत्तीएवढी आहे, यावर तर ते पाहुण्यांसमोरही बोलतात. परंतु एप्रिल ते जून मी कुरिअरने माल पाठवत नाही, हा नियम त्यांचाच आहे आणि तो मी मुकाट्याने पाळते. प्रत्येक नव्या मिश्रणाची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही, हाही त्यांचाच. वात बारीक असेल तर ज्योत मधोमध बोगदा पाडते आणि कडेचे मेण तसेच राहते. जाड असेल तर काच तडकण्याइतकी तापते. हे कोणत्याही वर्गात शिकवण्याआधी मी त्यांच्याकडून शिकले. मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचे आणि पेटलेच तर त्यावर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण घालायचे, ही तंबी आमच्या घरात मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळते.

धागाकर्ता

वाटणीविषयी कोणीच लिहिले नाही. ती झाली नसेल, असे वाटत नाही.

महालातून, आता पुण्यात

झाली. साचे समान वाटता आले, कढया वाटता आल्या, पण लेबल वाटता येईना. दोन्ही चुलत घरांनी तेच नाव आणि तेच चित्र छापून घेतले आणि दुकानदार ज्याचा माल स्वस्त त्याचा घेऊ लागले. शेवटी भाव पाडण्यात दोघेही थकले. मेण रोखीने घ्यावे लागे, त्याचा दर कच्च्या तेलाबरोबर हले आणि दुकानदारांचे पैसे मात्र दिवाळीनंतर येत. एवढ्या ओढाताणीत भाव पाडायला जागाच नव्हती. माझ्या मते नाव आजोबांच्या हयातीतच एकाच्या नावे नोंदवून दुसऱ्याला त्याचा मोबदला दिला असता, तर निदान एक घर तरी या धंद्यात राहिले असते. आमचे साचे अजून माळ्यावर आहेत, भंगारवाल्याला देण्याचा विचार आहे.

इतवारीतून, तिसरी पिढी

भंगारात देण्याआधी एक करावे. साच्याची दोन्ही पाखे जुळवून, आवळून उजेडापुढे धरावीत. फटीतून उजेड दिसला तर मेण गळणार, ते खुशाल द्यावेत. दिसला नाही तर मला कळवावे, मी वजनाच्या भावापेक्षा जास्त देईन. विजयादशमीच्या आधी आम्हाला साचे कमीच पडतात.