थियाझीचे डोळे

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणांत देव भरपूर, पण ताऱ्यांच्या गोष्टी फारशा नाहीत, असं म्हणतात आणि ते बरंचसं पटतं. थियाझी नावाच्या दानवाची गोष्ट मात्र त्यात राहून जाते. देवांनी या दानवाला मारलं, तेव्हा त्याची लेक स्काडी शस्त्रं घेऊन जाब विचारायला आली. भरपाई म्हणून देवांचा राजा ओडिन यानं तिच्या बापाचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले (भरपाईची तऱ्हाच न्यारी!). ते म्हणजे आपलं पुनर्वसू, असा एक तर्क आहे, पण तो तर्कच.

२००० साली सापडलेल्या शनीच्या एका चिमुकल्या उपग्रहाला स्काडीचं नाव मिळालं, पुढे दुसऱ्या एकाला थियाझीचं. शनी स्वतःभोवती ज्या दिशेनं फिरतो, त्याच्या उलट्या दिशेनं हे दोघंही त्याच्याभोवती फिरतात. कॅसिनी यानानं दुरून टिपलेल्या प्रकाशातल्या चढउतारांवरून स्काडीचा दिवस सुमारे ११ तासांचा निघाला.