जर्मनीत अमेरिकेतून आणलेली जुनी मोटारसायकल घ्यावी का?

प्रश्न: मी नोकरीनिमित्त म्युनिकला राहतो. येथील एका गृहस्थांकडे अमेरिकेतून आणलेली, जर्मनीत अद्याप नोंदणी न झालेली मोटारसायकल विक्रीला आहे. नोंदणीसाठी काय लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या गाडीला बहुधा युरोपीय अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे सीओसी, नसते; त्यामुळे ट्यूफसारख्या वाहन-तपासणी संस्थेकडून स्वतंत्र तांत्रिक मान्यता घ्यावी लागते, आणि दिवे, धूर किंवा आवाज नियमांत बसला नाही तर दुरुस्तीचा खर्च किमतीतली सारी बचत गिळून टाकतो. ही मान्यता विक्रेत्यानेच मिळवून द्यावी, अशी लेखी अट घाला. मूळ अमेरिकी मालकीपत्र आणि जकात भरल्याचा कागद पाहिल्याशिवाय इसारही देऊ नका. चासी क्रमांक स्वतः ताडून पाहा.

उत्तर २: वरील सल्ल्याशी सहमत आहे. नोंदणीच्या वेळी विमा कंपनीचा ईव्हीबी क्रमांक (विमा असल्याची इलेक्ट्रॉनिक खात्री देणारा क्रमांक), ओळखपत्र आणि वाहनकरासाठी बँक खात्याचा तपशीलही लागतो. परवान्याचे मात्र आधी पाहा: भारतीय परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून ६ महिनेच चालतो, पुढे लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्याव्या लागतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. जकातीचा कागद त्यांच्याकडे आहे, तांत्रिक मान्यता नाही. ती मिळेपर्यंत व्यवहार थांबवतो.