मदत हवी आहे: कॉर्न टॉर्टिया फाटतात, सॉस कडू होतो, शनिवारच्या आत सांगा प्लीज

परसदार:
तीनदा करून झालं, तिन्ही वेळा वाट लागली. टॉर्टिया म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या. पीठ मऊ मळलं जातं, पण लाटायला घेतलं की कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत मधे भोक पडतं आणि ज्या दोनचार धड निघतात त्या सॉसमधे बुडवल्या की लगदा. सॉस पण कडू होतोय, तो वेगळाच वैताग. शेजारच्या काकूंना शनिवारी जेवायला बोलावलंय, चार महिने त्या सारखं काहीतरी डब्यातून आणून देतायत, म्हणून त्यांच्याच पद्धतीच्या एन्चिलाडा (सॉसमधे बुडवलेल्या भरल्या टॉर्टिया) त्यांना करून घालायच्यात. त्यांना विचारा असं सांगू नका, सरप्राइज आहे. व्हिडिओ बघून डोकं उठलंय, प्रत्येकाचं वेगळंच. आज बुधवार आहे, लवकर सांगा.

खमंग:
पीठ कुठलं? कुठे राहता? मिरच्या कुठल्या घेतल्या? आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून पांढरी पावडर मिळते ते स्टार्च असतं, त्याची टॉर्टिया होणार नाही.

चुलीवरची:
अगं उकड काढ. पाण्याला आधण आलं की मीठ, चमचाभर तेल आणि पीठ घालून झाकून ठेव, दहा मिनिटांनी गरम असतानाच मळ. मी मक्याची भाकरी अशीच करते, कधी फाटत नाही.

परसदार:
खमंग, मक्याचंच पीठ, स्टार्च नाही. येताना पुण्याहून 3 किलो आणलं होतं. चुलीवरची ताई, दुसऱ्या वेळी उकडच काढली होती. भाकरी छान झाली, पण भाकरीच झाली. पातळ केली की फाटतेच.

मुळशीकर:
निम्मा मैदा घाला, विषय संपला. आमच्याकडे अशाच करतात, आत राजमा, भात, ढोबळी मिरची, वरून चीज. मुलं दोन दोन खातात. रेसिपी टाकतो संध्याकाळी.

दूरदेशी:
मैदा नका घालू हो. मुळशीकर, तुम्ही सांगताय ते बरिटो, त्यांनी एन्चिलाडा विचारल्यात. आणि राजमा-भात भरलेलं ते मेक्सिकन जेवण नाही, अमेरिकन हॉटेलांतलं आहे.

मुळशीकर:
बरिटो मेक्सिकोचाच आहे, उगाच काहीही सांगू नका.

दूरदेशी:
बरोबर, उत्तरेचा आहे, सोनोरा, चिवावा त्या बाजूचा. तिकडे गहू पिकतो म्हणून गव्हाच्या टॉर्टिया, माझं वाक्य चुकलं. पण मध्य मेक्सिकोत एन्चिलाडाला मक्याचीच लागते.
परसदार, तुम्ही कुठे आहात ते अजून सांगितलं नाहीत. सगळं उत्तर त्यावर आहे.

परसदार:
सांगितलं नाही का? मेक्सिकोत, केरेतारोला. नवऱ्याचं गाड्यांच्या पार्टसच्या कंपनीत काम आहे.

दूरदेशी:
अहो मग पुण्याचं पीठ कशाला वापरताय! मी पुएब्लाला तीन वर्षं काढलीत, पहिले दोन महिने हीच चूक केली म्हणून कळकळीने लिहितेय. आपलं पीठ म्हणजे सुका मका दळलेला. तिथे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन साली चोळून काढतात आणि मग ओलाच दळतात. त्या मक्याला नीश्तामाल म्हणतात. चुन्याने दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो, तो आपल्या पिठात येणार नाही, कितीही उकड काढा. तुम्हाला मळता येत नाही असं अजिबात नाहीये, पीठच वेगळं आहे.
आता करायचं काय, तर गल्लीत तोर्तियेरिया असेल, जिथे मशीनवर टॉर्टिया पडत असतात. सकाळी जा आणि म्हणा, मेदियो किलो दे मासा पारा तोर्तियास, पोर फाव्होर (टॉर्टियांसाठी अर्धा किलो मासा द्या). मासा म्हणजे मळलेला गोळा, आपला मासा नाही. पारा तोर्तियास नक्की म्हणा, तमालेसचा (ते पानात गुंडाळून वाफवतात) मासा जाडसर असतो. सगळीकडे मिळत नाही, नाही म्हणाले तर दुकानातून मासेकाचं पाकीट आणा, ते नीश्तामालचंच कोरडं पीठ आहे. वाटीभर पिठाला साधारण पाऊण ते एक वाटी कोमट पाणी, मळून वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली.

खमंग:
गोळा तळहातात दाबून बघायचा. कडेला चीर गेली तर पाण्याचा हात लावायचा, हाताला चिकटला तर चिमूटभर पीठ. आणि लाटणं नकोच. पुरी प्रेस असेल तर दुधाची पिशवी कापून दोन तुकडे घ्या, मधे लिंबाएवढा गोळा, दाबा. प्रेस नसेल तर जड पातेल्याचा बूड.

भाजणी:
चुना म्हणजे पानाला लावतात तोच ना? मग घरीच का नाही करत? किलोभर मक्याला दहा ग्रॅम चुना पुरतो, वाचलं होतं कुठेतरी.

दूरदेशी:
तोच, खायचा चुना. तिथे काल म्हणतात. पण शनिवारच्या आत नको, दळायचं कशावर? मिक्सरमधे धड दळलं जात नाही, मोटार गरम होते.

भाजणी:
माझ्या आजीकडे पाटा होता, त्यावर झालं असतं. त्यांच्याकडे पण पाट्यासारखाच दगड असतो, फक्त तीन पायांचा आणि उतरता, बायका गुडघ्यावर बसून वाटतात. मेताते म्हणतात बहुतेक.

चुलीवरची:
पण चुना पोटात जाणं चांगलं का? मी तरी लहान मुलांना देणार नाही.

दूरदेशी:
ताई, धुऊन घेतात हो. आणि उलट चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही पद्धत गेली नाही, त्यामुळे जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगायचे तिथे पेलाग्रा (नायसिन कमी पडून होणारा रोग) पसरला, इटलीत सुद्धा. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊन सहसा तसं झालं नाही.

परसदार:
वाचतेय सगळं, पण सॉसचं कोणी सांगेल का??

खमंग:
विचारलं होतं मी, मिरच्या कुठल्या आणि कशा भाजल्या.

परसदार:
सॉरी. ग्वाहियो. तव्यावर चांगल्या काळपट होईपर्यंत भाजल्या, धूर निघाला, मग लसूण घालून बियांसकट वाटल्या.

दूरदेशी:
तिथेच कडू झाल्या. देठ आणि बिया काढा, मिरची उघडून तव्यावर दाबून धरा, एका बाजूला मोजून सात-आठ सेकंद. रंग किंचित बदलला आणि वास सुटला की उचला. मग गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, लसूण, मीठ, थोडा ओरेगानो घालून वाटा आणि गाळून घ्या, सालं घशात टोचतात. ग्वाहियो तिखटाला बेताची, रंगाला झकास, ब्याडगीसारखी समजा.
काकू देतात त्यावर बटाटा-गाजर असतं का?

परसदार:
हो!! बारीक फोडी, परतलेल्या. आत पांढरं चुरा होणारं चीज आणि कांदा.

दूरदेशी:
मग त्या एन्चिलाडास केरेतानास, तुमच्या गावच्याच. टॉर्टिया सॉसमधे बुडवायची आणि लगेच गरम तेलात दोन्ही बाजूंनी क्षणभर परतायची, मग चीज भरून दुमडायची. ताजी टॉर्टिया विरघळते, म्हणून शुक्रवारीच करून फडक्यात गुंडाळून ठेवा. आपण फोडणीला शिळी पोळीच घेतो ना, तसंच. चीज केसो फ्रेस्को घ्या, तेच पांढरं चुरा होणारं.

मुळशीकर:
रेसिपी टाकतोय. राजमा 2 वाट्या, रात्री भिजवून...

सांजवात:
शाकाहारी असाल तर सांभाळा, तिथे बाहेरच्या वाटलेल्या बीन्समधे डुकराची चरबी असते आणि लाल भातात चिकनचं पाणी. माझा भाचा मोन्तेर्रेला चाललाय, तिथे तूरडाळ आणि हिंग मिळतं का कोणी सांगेल का?

भाजणी:
अवांतर, पण चिकू पण तिकडचाच आहे. चिकोसापोते म्हणतात, आपला शब्द त्यातूनच आला. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

चुलीवरची:
आमचा डहाणू-घोलवडचा चिकू?? तो मेक्सिकोचा?

भाजणी:
झाड मूळचं तिकडचं ताई. मिरची, टोमॅटो, सीताफळ पण अमेरिका खंडातलंच.

परसदार:
शुक्रवार रात्र. मासा मिळाला, दुसऱ्या दुकानात. दुकानातल्या बाईने अर्ध्या किलोचा उबदार गोळा कागदात बांधून दिला, चुन्याचा हलका वास येतो त्याला, अगदी काकूंच्या घरात येतो तोच. पहिल्या तीन प्लास्टिकला चिकटल्या, मग पीठ जरा कोरडं केलं. बावीस झाल्या, त्यातल्या सहा फुगल्या! एकही फाटली नाही. सॉस गाळून ठेवलाय, कडू नाही. आता एकच, बटाटा-गाजर आधी उकडायचं का कच्चंच परतायचं?

खमंग:
उकडून, पण करकरीत ठेवा. मग त्याच लाल तेलात परता.

सांजवात:
हिंगाचं कोणाला माहीत आहे का?