मदत हवी आहे: सायक्लोपामीनचा (हेजहॉग संदेश रोखणारं रसायन) खरा परिणाम की पेशींना नुसती विषबाधा?

शह-लाइट२ पेशींवर (हेजहॉग संदेश मोजायला बनवलेल्या उंदराच्या पेशी) हेजहॉग या पेशींमधल्या संदेशमार्गाची ल्युसिफरेज चाचणी चालू आहे, म्हणजे संदेश प्रकाशातून मोजतो. पेशी पूर्ण दाट झाल्यावर माध्यमातलं सीरम ०.५ टक्क्यावर आणतो, १०० नॅनोमोलर सॅग (संदेश पुढे नेणारं स्मूदन्ड प्रथिन चालू करणारं रसायन) देतो आणि ३० तासांनी मोजतो. डीएमएसओ (रसायनं विरघळवायचा द्राव) सगळीकडे ०.१ टक्का.

अडचण अशी: सॅगने संदेशात होणारी वाढ जेमतेम दुप्पट. सॅग १ मायक्रोमोलरच्या वर नेला की संदेश उलट घसरतो. ते समजतं, सॅगचा आलेख घंटेसारखाच असतो. खरा घोळ सायक्लोपामीनचा. ५ मायक्रोमोलरला फायरफ्लाय (हेजहॉग संदेश दाखवणारं ल्युसिफरेज) उतरते, पण १० ला रेनिलाही (तुलनेसाठीचं, संदेशावर न बदलणारं ल्युसिफरेज) खाली येते आणि कडेच्या पेशी गोल होऊन सुटतात. मग या दोन्हींच्या गुणोत्तरावर भरवसा कसा ठेवायचा?

दोन प्रश्न. स्मूदन्डवरचाच परिणाम दाखवायला १०० नॅनोमोलर विस्मोडेगिब (स्मूदन्ड रोखणारं औषध) पुरे, की त्याला दाद न देणारं डी४७३एच उत्परिवर्तित स्मूदन्डही घालावं? आणि संदेशाच्या कमी वाढीचं मूळ सिलियात (पेशीवरचे केसासारखे तंतू, ज्यांतून हा संदेश जातो) असेल का? सीरम कमी केल्यावर २४ तासांनी एआरएल१३बी आणि अ‍ॅसिटिलेटेड ट्युब्युलिन ही सिलिया ओळखायची प्रथिनं रंगवली, तर किती टक्के पेशींवर सिलिया दिसले म्हणजे तुम्ही थाळी पुढे नेता?

सायक्लोपामीन आम्लात टिकत नाही, म्हणून साठा ताजाच वापरतोय; तो सल्ला नको.