शब्दचर्चा: घोड्यांच्या गाडीचा फाळका अडकला, जाम झाला की धरला?

माळशिरसकर
आमच्याकडं दोन घोडे आहेत. त्यांना बाजाराला, वरातीला न्यायला एक जुना टेम्पो बांधून घेतलाय. मागचा फाळका खाली टेकला की त्यावरूनच घोडा चढतो-उतरतो. आता हा फाळका अर्ध्यावर येऊन थांबतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींना फोनवर सांगितलं, "रॅम्प अडकलाय." ते म्हणाले, "अडकलाय म्हंजे? जाम झालाय का धरलाय?" मला सांगता येईना. या तिन्हींत खरंच फरक आहे, की बोलायची पद्धत? शिवाय मागच्या कामाच्या पावतीवर गाडीचं नाव 'घोडागाडी' लिहिलंय, त्यावरून घरात चेष्टा चाललीये. योग्य शब्द कोणता?

शब्दवेडी
घोडागाडी म्हणजे टांगा, म्हणजे घोडा ओढतो ती. बैलगाडी, उंटगाडी, हातगाडी बघा, पहिलं पद ओढणाऱ्याचं किंवा ढकलणाऱ्याचं. तुमच्या गाडीत घोडा आरामात उभा आहे, त्यामुळे हे नाव चालणार नाही.

बार्शीकर
मग मालगाडी माल ओढतो काय? कचरागाडीचं काय करायचं?

शब्दवेडी
कबूल, नियम म्हणून तो टिकत नाही. पण घोडागाडी या शब्दावर टांग्याची मालकी इतकी जुनी आहे की आता तिथं दुसऱ्याला जागा नाही. समास सोडा आणि सरळ षष्ठी वापरा: घोड्यांची गाडी, घोड्यांचा टेम्पो. अकलूजच्या बाजारात लोक तेच म्हणतात ना?

माळशिरसकर
हो ताई, 'घोड्याचा टेम्पो' असंच म्हणतात. आणि रॅम्पला?

जुना सोलापुरी
उतरंड म्हणावं. चांगला मराठी शब्द आहे.

शब्दवेडी
काका, उतरंड मडक्यांची असते हो, एकावर एक रचलेली. तिच्यावर घोडा चढवला तर खापऱ्याच गोळा कराव्या लागतील. उताराला 'उतरण' आहे, पण माल उतरवायच्या जागेलाही बोलताना लोक तसंच म्हणतात, म्हणून मोघम वाटतो. जो भाग बंद असताना गाडीची मागची भिंत असतो आणि पाडला की उतार होतो, त्याला माळशिरसकरांनी स्वतःच पहिल्या ओळीत नाव दिलंय: फाळका. ट्रकवाले रोज वापरतात. धक्क्यावर बांधलेल्या पक्क्या उताराला रॅम्प म्हणा, गाडीला बिजागरीवर टांगलेल्याला फाळका.

एमआयडीसीवाला
मिस्त्री बरोबरच विचारायलेत. या शब्दांवरनं आम्ही कोणतं हत्यार उचलायचं ते ठरवतो.

'अडकला' म्हणलं की आधी बाहेरचं काहीतरी शोधायचं. कडब्याची काडी, दोरीचं टोक, कोयंड्यात तिरकी बसलेली खिट्टी, बिजागरीत गेलेला खडा. ते काढलं की फाळका सुटला, बऱ्याचदा पाना लागतच नाही.

'जाम झाला' म्हणजे हालतोय, पण जोर मागतोय, कुरकुरतोय. आत माती, वाळलेलं ग्रीस आणि थोडा गंज.

'धरला' म्हणजे पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) एक झाले. इथं जोर लावला तर पिन फिरत नाही, बिजागरीचं पान वाकतं नाहीतर वेल्डिंग सुटतं. अशा वेळी पहार घेऊन धावणाऱ्याला मी लांबूनच हात जोडतो.

चौथा शब्द तुम्ही विचारला नाही: 'बसली'. फाळका उचलायला मदत करणारी स्प्रिंग बसली म्हणजे तिच्यातला ताण गेला. तेव्हा फाळका फिरतो, पण एकट्या माणसाला उचलेना होतो. गंमत बघा, दार 'नीट बसलं' तर काम झालं आणि स्प्रिंग 'बसली' तर काम निघालं.

तुमचा अर्ध्यावर थांबतो म्हणता. दोन्ही बाजू सारख्या थांबतात का एक मागं राहते?

माळशिरसकर
डावी बाजू वितभर वर राहते. आवाज पण डावीकडनंच येतो. कार्तिकीला वाखरीच्या बाजारात गेलो होतो, पाऊस पडून गेलेला, फाळका काळ्या रानात चिखलात टेकवला होता. त्यानंतरच हे सुरू झालं.

एमआयडीसीवाला
मग डावी बिजागरी जाम, उजवी ठीक. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की घट्ट गोळा होऊन बसते. तिच्यावर तेल ओतून उपयोग नाही, मातीच तेल पिऊन टाकते. आधी पाण्यानं धुवा, तारेच्या ब्रशनं फटी मोकळ्या करा, उन्हात कोरडं होऊ द्या. मग गंज सोडवायचं पातळ तेल पिनच्या दोन्ही टोकांना मारून रात्रभर सोडा. सकाळी फाळका थोडा वर, थोडा खाली, असं हळूहळू हालवा. एकदम पूर्ण पाडायला जाऊ नका. मोकळा झाला की निप्पलमधनं (बिजागरीवरच्या ग्रीस भरायच्या तोंडातनं) ग्रीस गन मारत राहा, आतलं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत. बाहेर आलेलं पुसा, नाहीतर त्यावर धूळ बसून परत तेच.

गाडी सपाट जागेवर लावूनच हे करा. एक चाक खड्ड्यात असलं तर सांगाडाच पिळतो आणि चांगली बिजागरीसुद्धा जाम वाटते.

स्प्रिंगला मात्र हात लावू नका. फाळका वर असतो तेव्हा तिच्यावर ताण सगळ्यात कमी, खाली येईल तसा वाढतो. अर्ध्यावर लटकलेल्या फाळक्याची स्प्रिंग खोलणं म्हणजे डोळा नाहीतर बोट घालवणं. फाळका वर करून, कडीबरोबर बाहेरून टेकू देऊन, मगच मिस्त्रीला खोलू द्या. आणि कोणीही त्याच्या खाली उभं राहायचं नाही.

बार्शीकर
गॅसची आंच दिली तर पटकन सुटत नाही का?

एमआयडीसीवाला
सुटतं. पण खाली प्लायवूड, वर रबराची मॅट, फटीत भुसा आणि पलीकडं डिझेलची टाकी. धरलेली पिन असली तर कापून नवीन टाकलेली बरी.

पशुवैद्यक (निवृत्त)
शब्द तुम्ही ठरवा, मी बिजागरीच का बिघडते ते सांगतो. घोडा गाडीत मुततो, ते मूत्र तळावरून मागं वाहतं आणि फाळक्याच्या सांध्यात साचतं. त्यातले क्षार आणि ओल लोखंड गंजवतात, आणि ओल राहिली की प्लायवूडच्या कडाही कुजतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर मॅट उचलून साध्या पाण्यानं धुणं आणि फाळका उघडा ठेवून वाळवणं हा निम्मा इलाज आहे. मॅटखाली कडेला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत रुतला तर ती फळी बदला. मारवाडी घोड्याचं चारशे किलोच्या आसपासचं वजन त्या एका काठावर येतं.

घोडा आत असताना फाळका जाम झाला तर ठोकाठोकी करू नका. आवाजानं तो बिथरतो, आणि बंद जागेत बिथरलेला घोडा स्वतःलाही मोडतो आणि माणसालाही. ओळखीचा माणूस पुढच्या दारातून त्याच्या तोंडाशी उभा करावा, बाकीच्यांनी निवांत काम करावं.

फाळक्यासारख्या मागच्या फळीचा उल्लेख पशु वाहतूक नियम, १९७८ मध्येही आहे. घोड्यांसाठी तशी खास गाडी आणि कडेनं गाद्या असाव्यात, साध्या मालवाहू गाडीत घसरू नये म्हणून तळाला काहीतरी अंथरावं, दोन जनावरांत किमान ८ सेंटीमीटर व्यासाचा बांबू असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत ठेवावा, असं त्यात सांगितलंय.

जुना सोलापुरी
डॉक्टरसाहेबांनी पटवलं. आता एकच शंका, ग्रीसला 'वंगण' म्हणायचं सोडून का दिलं सगळ्यांनी? बैलगाडीच्या आसाला वंगणच घालायचे.

शब्दवेडी
सोडलेलं नाही काका. वंगण हे सगळ्यांचं सामाईक नाव, तेल असो नाहीतर ग्रीस. दुकानात 'वंगण द्या' म्हणालात तर दुकानदार विचारणार, कुठलं?

एमआयडीसीवाला
आणि 'जळकं ऑईल' मागू नका. इंजिनातनं काढलेलं ते काळं तेल फुकट मिळतं म्हणून सगळे बिजागरीला मारतात. त्यात धातूचा कीस असतो आणि ते धूळ ओढतं. लिथियम ग्रीस म्हणून मागा, तसंच मिळतं.

माळशिरसकर
मिस्त्रींना परत फोन केला. "डावी बिजागरी जाम आहे, धरलेली नाही, स्प्रिंग बसलेली नाही." ते म्हणाले, "मग गाडी आणू नका, धुवून तेल मारा, नाही सुटली तर सोमवारी या." पावतीवर 'घोड्यांचा टेम्पो' लिहा म्हणून सांगितलंय.